पांढरीची माती

लहानपणी माझी अशी समजूत होती की प्रत्येकाच्या वडिलांचं एखादं हरवलेलं गाव असतं आणि सुटीच्या दिवशी ते शोधायला जावं लागतं. शेजारच्या काकांना रविवारी मेहरूण तलावाच्या काठावर गळ टाकून बसलेलं पाहिलं, तेव्हा त्यांचं गाव बहुधा पाण्यात असावं, असं मला वाटलं होतं. माझे वडील जळगावच्या एका कॉलेजात इतिहास शिकवत. घरीदारी सगळे त्यांना नाना म्हणत. त्यांच्या गावाचं नाव ओरिबाना. हे नाव आम्हा भावंडांना शाळेत जायच्या आधीपासून पाठ होतं, कारण ते आमच्याकडे जेवताना निघायचं, अंघोळीला पाणी तापत असताना निघायचं आणि पाहुणे आले की हमखास निघायचं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक भूगोलकारानं पश्चिमेच्या बंदरापासून आत, दोन नद्यांच्या मधे, सुती कापडाचं आणि रंगीत दगडांचं एक मोठं शहर असल्याचं लिहिलं होतं. पुढे एका रोमन लेखकानं तेवढीच माहिती उचलून आपल्या ग्रंथात टाकली. त्यापलीकडे काही नाही. आपल्या एकाही पोथीत, ताम्रपटात की शिलालेखात हे शहर नाही. नानांना याचंच वाईट वाटे. बाहेरच्या माणसानं लांबून ऐकून दोन ओळी लिहून ठेवल्या आणि इथं राहणाऱ्यांना त्याचा पत्ता नाही, हे त्यांना आपल्याच घरातलं कुणी विसरावं तसं वाटत असे. ते शहर खानदेशात, तापीला मिळणाऱ्या एखाद्या नदीच्या काठी होतं, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. पुरावा नव्हता, आणि पुराव्याशिवाय ते घरातही काही ठामपणे बोलत नसत. वांग्याचं भरीत तिखट झालं आहे का, असं आईनं विचारलं तरी 'मला तरी तसं वाटतं' असं उत्तर यायचं.

आमची जागा मेहरूणला भाड्याची होती, दोन खोल्या आणि मागे मोरी. पहाटे समोरच्या गिरणीचा पट्टा फिरू लागला की भांड्यांच्या फळीवरच्या वाट्या बारीक थरथरत. हिवाळ्यात आई मागच्या अंगणात कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या जाळावर मोठाली हिरवी वांगी भाजायची आणि तो धूर दप्तरात, स्वेटरात, वह्यांच्या पानांत शिरायचा. रविवारी ती ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी आणि भरीत फडक्यात बांधून द्यायची आणि नाना एस.टी.नं निघायचे. कधी रावेरकडे, कधी चोपड्याच्या अंगाला, कधी गिरणेच्या पात्रातून चालत. संध्याकाळी परत यायचे तेव्हा पँटच्या खिशांत खापऱ्या असत. कपडे धुताना आईला त्या सापडत. ती त्या धुऊन खिडकीतल्या सुपलीत वाळत घालायची आणि म्हणायची, "दुसऱ्यांचे नवरे बाजारातून माठ आणतात. आमचे फुटका आणतात, तोही तुकड्या-तुकड्यानं." नाना हसायचे. कॉलेजातल्या लोकांचं बोलणं मात्र त्यांना लागायचं. "काय सर, सापडलं का गाव? का अजून तिथं एस.टी. जात नाही?" हा विनोद मी स्वतः त्यांच्या स्टाफरूमच्या दारात उभा राहून ऐकलेला आहे. नाना तेव्हाही हसले होते, पण घरी येताना सायकल जोरजोरात मारत होते.

हे शहर कुठं होतं ते मी पुढे सांगणारच आहे, पण त्याआधी एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याला ती शेवटी कळल्यासारखं होणार नाही. माझी मामी गेली कित्येक वर्षं डाव्या पायानं लंगडत चालते, आणि त्याचं कारण आम्ही आहोत. नाना, आणि त्यांच्या मागोमाग मी. मामाच्या घरात हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणीही ते मान्य करत नाही. माफी मागायची म्हणून मी अनेकदा मनाची तयारी करून गेलो. प्रत्येक वेळी चहा घेऊन परतलो.

मामाचं गाव पारोळ्याहून पुढे, बोरी नदीच्या काठी. नाना तिकडे फारसे जात नसत. खानदेशात जावई म्हटला की साऱ्या गावाचा जावई. पारावरून जाताना म्हातारी माणसं उठून उभी राहत, याची नानांना लाज वाटे. त्या वर्षी माझी दहावीची परीक्षा झाली होती, आणि आखाजीला आई माहेरी निघाली तेव्हा मामानं निरोप धाडून नानांनाही बोलावून घेतलं. आखाजी म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया. लेकी माहेरी येतात, निंबाच्या फांद्यांना झोके लागतात, घरोघर पितरांच्या नावानं घागर भरतात. मामीनं खापरावरच्या पुरणपोळ्या केल्या होत्या. दोन्ही हातांच्या कोपरांपर्यंत ती पोळी पसरत न्यायची आणि उलट्या खापरावर अलगद टाकायची. मी आणि मामाची मुलं आमरसाचं पातेलं राखत बसलो होतो. जेवण झाल्यावर नाना अंगणात शतपावली घालत होते. दारात मामाची बैलगाडी उभी होती, पांढुरक्या मातीनं भरलेली. नानांनी सहज त्या मातीत हात घातला आणि तिथंच उभे राहिले. बराच वेळ ते हलले नाहीत, म्हणून मी जवळ गेलो. त्यांच्या हातात एका रांजणाचा जाड कान होता. मुठीत मावेल असा, वळलेला, फिकट गुलाबी मातीचा.

"या कानाची माती आपल्याकडची नाही, समुद्रापलीकडची आहे," नाना म्हणाले. 'मला तरी तसं वाटतं' हे शब्द त्यांनी लावले नाहीत. ते मी तेव्हाच टिपलं.

ती गाडी कुठून आली, असं त्यांनी मामाला विचारलं. मामाला त्या प्रश्नाचं नवल वाटलं. उन्हाळ्यात पांढरीची माती कुठून येते हे काय विचारायचं? गावामागे नदीच्या अंगाला एक टेकाड होतं, त्याला सगळे पांढर म्हणत. घरं सगळी धाब्याची. लाकडी सऱ्या, त्यावर काटक्यांचं किलचन, त्यावर पाला आणि वर मातीचा जाड थर. दर उन्हाळ्यात त्या धाब्यावर पांढरीची खारी माती पसरायची, पाणी मारायचं आणि चोपून घ्यायची. त्या मातीतून पाणी आत उतरत नाही, वरच्या वर पन्हळातून निघून जातं. काळी माती भेगाळते, नाल्यातली पिवळी माती पाणी पिऊन जड होते. पणज्यापासून गाव हे करत आलं होतं, आणि पणज्यापासून त्या टेकाडाची एक बाजू कापली जात होती. दुसऱ्या दिवशी सकाळी नाना मला घेऊन तिथं गेले. कापलेली बाजू उभी, भिंतीसारखी होती. तिच्यात राखेची काळी रेघ होती, खाली विटांच्या तुकड्यांची लाल रेघ, त्याखाली पुन्हा राख, मधे मधे खापऱ्यांच्या कडा बाहेर आलेल्या. नानांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि त्या भिंतीला तळहात लावून उभे राहिले. मला वाटतं, एखाद्या आजारी माणसाच्या कपाळाला हात लावावा तसा तो हात होता. इतकी वर्षं त्यांनी सगळा जिल्हा पायाखाली घातला होता आणि ते शहर त्यांच्या सासुरवाडीला होतं. घरी आल्यावर आई एवढंच म्हणाली, "दर आखाजीला बोलवत होते. आले असते तर."

नानांनी पुण्याच्या एका उत्खनन करणाऱ्या अभ्यासकांना कळवलं. पावसाळा संपला की येतो, तोवर जागा आहे तशी राहू द्या, असं त्यांचं उत्तर आलं. आता प्रश्न मातीचा होता. धाबी चोपायचे दिवस तोंडावर आले होते. नाना एका संध्याकाळी मारुतीच्या पारावर गेले आणि मीही गेलो. नानांनी वर्गात सांगतात तसं सगळं सांगितलं. बंदर, जहाजं, इथलं कापड नेसणाऱ्या रोमच्या बायका, दोन ओळींत उरलेलं शहर. लोक शांतपणे ऐकत होते. मला त्यांच्या डोळ्यांत उजेड दिसला, किंवा मला तो दिसायला हवा होता. शेवटी नाना म्हणाले, "या एका वर्षापुरती पांढरीची माती नेऊ नका, एवढी विनंती आहे."

गावातले थोरले सखाराम आबा खाकरले. "जवाईबापूसनी लगनमा घड्याय बी नई मांगं," ते म्हणाले. "कोनता जवाई सायकलसाठे रुसना, कोनता आंगठीसाठे. ह्यासनी इतला वरीसमा पहिल्यांदाज तोंड उघाडं, ते बी माटीसाठे. त्यासले नई कसं म्हनानं?"

"पन आबा, धाबाले मंग काय लावानं?" एका तरुण माणसानं विचारलं.

"नालानी पिवयी माटी लाव. एक वरीस चाली जाई."

विषय संपला. नाना घरी येताना इतके हलके झाले होते की वाटेत त्यांनी एका झोक्याला हात लावून तो उगाच ढकलला. "बघितलंस," ते मला म्हणाले, "लोकांना नीट समजावलं की पटतं. आपणच सांगत नाही." आज मला वाटतं, नानांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक ओरिबानाच्या बाबतीत झाली नाही, ती इथं झाली. त्यांना वाटलं गावाला इतिहास पटला. गावानं फक्त जावयाचा शब्द खाली पडू दिला नव्हता. त्यांनी एखाद्या घरातला मंगळागौरीचा चांदीचा करंडा मागितला असता तरी तो गावानं कुठून तरी आणून दिला असता.

नाना कॉलेजच्या परीक्षेच्या कामासाठी जळगावला परतले आणि मी सुटीभर मामाकडे राहिलो. मला कुणी सांगितलं नव्हतं, पण मी पांढरीचा राखणदार झालो. एका फळीवर तांबड्या ऑइलपेंटनं 'येथील माती नेऊ नये' असं लिहून ती टेकाडाच्या पायथ्याशी रोवली. सकाळ-संध्याकाळ तिथं चक्कर टाकायचो. एकदा उन्हं उतरताना मामी पाटी घेऊन आली. चुलीला पोतेरं द्यायला तिला थोडी माती हवी होती. तिनं पाटी अर्धी भरली होती, तेवढ्यात मी वरून हाक दिली. "मामी, नानांनी सांगितलंय ना?"

तिनं वर पाहिलं. "चुल्हाले पोतारासाठे पाटीभर माटी बी नई का रे?"

"पाटीपाटीनंच टेकाड संपतं."

हे वाक्य नानांचं होतं. मामी खळखळून हसली. "बरं रे फौजदार," असं म्हणून तिनं पाटी तिथंच उपडी केली, तळावर दोनदा थापटली, कण न कण झाडून टाकला आणि रिकामी पाटी डोक्यावर टोपीसारखी पालथी घालून निघून गेली. त्या दिवसापासून तिच्या तोंडी मी फौजदार. "फौजदार, डाळ वाढू का?" "फौजदारले उठाडा, चहा थंडा हुई राह्यना." मला ते नाव आवडलं होतं, हे मला लिहायलाच हवं.

पुढे मला कळलं की गावातल्या बऱ्याच जणांनी उजेड कमी झाल्यावर एखाद-दुसरी गाडी नेली होती. जावयाचा मानही राहिला आणि धाबीही चोपली गेली. त्यात काही वाईट आहे असं मला आज वाटत नाही. मामाला मात्र ते करता येत नव्हतं. कुणीतरी त्याला म्हणालं, तू तरी कशाला थांबला, घरचाच जावई, त्याला कोण सांगणार? त्यावर मामा म्हणाला, "मना पाव्हणानी माटी शे ती. बठ्ठा गाव लई गया तरी मी हात नई लावसू." त्यानं नाल्यातली पिवळी माती आणली आणि ओसरीच्या खोलीचं धाबं तिनं चोपून घेतलं. चोपायला मीही होतो. ती माती हाताला गुळगुळीत लागत होती आणि मला ती चांगलीच वाटली होती.

श्रावणात झड लागली. बोरीला पूर आला, एस.टी. बंद पडली, आणि ती सुरू झाली त्या दिवशी मामाच्या शेजारचा माणूस जळगावला आमच्या दारात उभा राहिला. ओसरीचं धाबं बसलं होतं. पिवळी माती पाणी पिऊन पिऊन जड झाली, मधली सरी मोडली, आणि पहाटे चूल पेटवायला निघालेली मामी तिच्याखाली सापडली. पाय मोडला होता, जीव वाचला होता. मामानं तिला बैलगाडीतून पारोळ्याला आणि तिथून धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं होतं. हे ऐकताना नाना दाढी करत होते. अर्ध्या गालाला साबण तसाच होता. त्यांनी तोंड धुतलं, सदरा घातला आणि आईला म्हणाले, "चला."

धुळ्याच्या त्या वॉर्डात पुढचे दिवस गेले. खिडकीबाहेर कडुनिंब होता आणि त्यावर दिवसभर कावळे. आई एका नातेवाइकाच्या घरी राहून डबा करायची, मी तो घेऊन जायचो. प्लास्टर केलेला पाय वर टांगलेला, आणि मामी शेजारच्या खाटेवरच्या बाईशी सुनेवरून गप्पा मारत असायची. पहिल्या दिवशी मला पाहून ती म्हणाली, "उना का फौजदार? मंग पांढर कोन राखी राह्यनं?" सगळा वॉर्ड हसला. मी डबा स्टुलावर ठेवला आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो. ती हे मला टोचायला म्हणाली नव्हती, हे मला तेव्हाही कळत होतं. तिनं टोचलं असतं तर बरं झालं असतं. नाना रोज संध्याकाळी येत, खाटेजवळच्या बाकड्यावर बसून राहत. निघताना एकदा ते म्हणाले, "वहिनी, माझ्यामुळं." मामीनं त्यांना वाक्य पुरं करू दिलं नाही. "जवाईबापू, तुमना डबामा भाजी खारी व्हती का आज? अक्काना हात आजकाल जड पडस मीठले." अक्का म्हणजे माझी आई. तिला नानांची माफी नको होती. जावयाला माफी मागावी लागणं हीच तिच्या दृष्टीनं माहेर-सासरची नामुष्की होती.

त्या वॉर्डातूनच तिनं मामाला एक काम सांगितलं. पडलेल्या धाब्याची माती परसात ढीग करून ठेवली होती. त्यात वरचा थर तेवढा नाल्याचा, खालचे सगळे पांढरीचे, तिच्या आजेसासऱ्यापासूनचे. "ती माटी फेकू नका," मामी म्हणाली. "चाळी ल्या. जवाईबापूसनं काहीतरी व्हई त्यामा." दसऱ्याला आम्ही गेलो तेव्हा ती काठी घेऊन घरी आली होती आणि परसात खाटेवर बसून, शेजारच्या बायकांना समोर बसवून, धान्य चाळावं तशी ती माती चाळून घेत होती. तुपाचा एक रिकामा डबा तिनं नानांच्या पुढे केला. त्यात गारेचे आणि अकीकाचे मणी होते, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे होते, डोकं मोडलेला मातीचा एक बैल होता, तांब्याचा हिरवा पडलेला गोळा होता. "तुमनं गाव तं आमना डोकावरज व्हतं इतला वरीस," ती म्हणाली. "आमलेज माहीत नई."

नानांनी डबा दोन्ही हातांनी घेतला. तो डबा आज माझ्या कपाटात आहे. मुलं लहान असताना त्यातला बैल खेळायला मागायची आणि मी द्यायचो नाही. नंतर द्यायला लागलो.

दिवाळीनंतर पुण्याचे सर आले. सडसडीत, मृदू बोलणारा माणूस. दिवसभर त्यांनी टेकाड पाहिलं, कापलेल्या बाजूपुढे बसून रेखाटनं काढली, नदीपर्यंत चालत गेले. मी त्यांची पाण्याची बाटली घेऊन मागे मागे होतो, म्हणून पुढचं सगळं मी ऐकलं. वस्ती जुनी आहे यात शंका नाही, ते म्हणाले, पण तापीच्या खोऱ्यात अशा पांढरी गावोगाव आहेत. यातलं तुमचं शहर कुठलं, हे कसं ठरवायचं? नानांनी त्यांच्या हातात रांजणाचा कान ठेवला. सरांनी तो फिरवून फिरवून पाहिला आणि त्यांचा चेहरा बदलला. "हा कुठल्या थरात मिळाला?"

"बैलगाडीत," नाना म्हणाले.

मग नानांनी डबा उघडला. "आणि हे?" सरांनी विचारलं.

"छतातून."

"सर," पुण्याचे सर नानांना हळूच म्हणाले, "वस्तू जागेवरून हलली की तिची साक्ष जाते. हे सगळं सुंदर आहे. पण मी कुणाला काय सांगू?" मग त्यांनी जे सांगितलं ते महत्त्वाचं होतं. इथं खणायला हवं, असं त्यांचं मत झालं होतं. प्रस्ताव, परवानगी, माणसं, सगळं जमायला काही वर्षं लागतील, कदाचित बरीच. तोवर ही टेकडी अशीच राखली तर आशा आहे. "गाव तुमचं ऐकतं असं दिसतं," ते म्हणाले. "आणखी काही वर्षं ऐकेल ना?"

नाना म्हणाले, "ऐकेल."

आम्ही परत आलो तेव्हा ओसरीत सतरंजी अंथरली होती आणि सखाराम आबांसह बरीच माणसं जमली होती. आतून शेवभाजीचा तिखट वास येत होता. सर हातपाय धुवायला मागे गेले. मामी काठी टेकत, एका हातात पाण्याचा तांब्या घेऊन दारापर्यंत आली. तिला तांब्या आणू नको असं सांगायची कुणाची छाती नव्हती. तिनं नानांच्या तोंडाकडे पाहिलं. "मंग, जवाईबापू? सापडनं का गाव?"

नानांनी तांब्या तिच्या हातून घेतला. मी त्यांच्या शेजारीच उभा होतो, आणि आता ते 'मला तरी तसं वाटतं' असं काहीतरी म्हणतील, आणखी थोडं थांबा म्हणतील, याची मी वाट पाहत होतो. तसंच व्हावं अशी माझी इच्छाही होती, मामीचा पाय समोर दिसत असूनही होती. हे मी कधी कुणाला सांगितलेलं नाही.

"सापडलं, वहिनी," नाना म्हणाले. "हेच ते. काम झालं. आता पांढरीची माती खुशाल न्या सगळ्यांनी."

ओसरीत एकदम बोलणं सुटलं. सखाराम आबांनी कुणाला तरी नारळ आणायला पिटाळलं. मामीनं पदरानं डोळे टिपले आणि भाजी बघायला आत गेली. सर बाहेर आले तेव्हा लोक त्यांच्या पाया पडू लागले आणि ते गोंधळून नानांकडे पाहत राहिले. नानांनी त्यांना नंतर काय सांगितलं, ते मला माहीत नाही.

जळगावला परतताना एस.टी.त मी नानांच्या शेजारी होतो. पारोळ्याचा किल्ला मागे पडल्यावर मी विचारलं, "तुम्ही खोटं का बोललात?"

ते खिडकीबाहेर पाहत होते. "नाही सापडलं म्हटलं असतं, तर ते थांबले असते," ते म्हणाले.

खणायला कधीच कुणी आलं नाही. आता त्या टेकाडाची जागा सपाट झाली आहे, तिथं ठिबकवर केळी उभी आहे, आणि गावातल्या बहुतेक घरांवर स्लॅब आला आहे. ओरिबाना पुन्हा त्या दोन ओळींतच राहिलं. नाना निवृत्त होईपर्यंत कॉलेजातले लोक विचारत राहिले, आणि नाना त्यांना शांतपणे सांगत, "हो, सापडलं. तिथं लोक राहतात." मामी आता थकली आहे. नातवंडांना ती सांगते की पूर्वी इथं मोठं शहर होतं आणि ते तुमच्या जळगावच्या आजोबांनी शोधलं. गेल्या आखाजीला मी तिच्यापाशी बसलो आणि पुन्हा तोंड उघडलं. ती म्हणाली, "फौजदार, चहा पी अन मंग जाय." मी चहा प्यायलो.

मला हे सगळं संपवायचं आहे ते पुढच्या उन्हाळ्यावर. मामानं ओसरी नव्या सऱ्या टाकून पुन्हा बांधली होती. आखाजी झाली आणि पांढरीची गाडी दारात आली. माझी फळी मामीनं केव्हाच उपटून आणली होती आणि रांजणावर झाकण म्हणून ठेवली होती. पाणी पिताना दर वेळी 'येथील माती नेऊ नये' बाजूला सारावं लागे. नाना सकाळीच उठले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, घमेलं भरलं आणि शिडी चढू लागले. अंगणात एकच गोंधळ झाला. "जवाईले कोनी काम सांगस का?" मामी काठी आपटून मामाला म्हणाली. "लोके काय म्हनतीन?" मामा धावला, पण नानांनी घमेलं सोडलं नाही. दुपारपर्यंत ते वर-खाली करत राहिले. मी वरती पाणी शिंपडत होतो आणि ते गुडघ्यांवर बसून तळहातानं माती सारखी करत होते. केस पांढरे, हात पांढरे, भुवयासुद्धा.

असं करताना त्यांचा हात एकदम थांबला. त्यांनी मातीतून काहीतरी उचललं, अंगठ्यानं पुसलं. तांबडा, लांबट, भोक पाडलेला मणी होता. उन्हात तो आतून पेटल्यासारखा दिसला. नानांनी तो तळहातावर धरला आणि नदीकडे पाहिलं. तो ते खिशात टाकतील असं मला वाटलं. त्यांनी तो ओल्या मातीवर ठेवला, अंगठ्यानं खोल दाबला आणि वरून माती ओढून घेतली.

"काय सापडनं, जवाईबापू?" मामीनं खालून विचारलं. तिची नजर आमच्यावरून हलली नव्हती.

"काही नाही, वहिनी," नाना म्हणाले. "खडा होता." आणि त्यांनी लाकडी चोपणं उचललं.